खाजेच्या गोळीने आई झोपते, पण खाज जाते आहे का?

उभे_आडवे

आई ७२ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. गेले चार महिने तिच्या अंगाला खाज सुटते. दिवसा थोडी, आणि अंथरुणात शिरली की अशी की ऐकवत नाही. कंबर, बेंबीच्या आसपास, मनगटं. आधी वाटलं त्वचा कोरडी पडली असेल, म्हणून मलमं चोपडली. फरक पडेना तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अ‍ॅलर्जी आहे असं सांगून रात्री झोपताना हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली. पहिल्या रात्री आई सलग सात तास झोपली. तिच्यामागे मीही झोपले. त्या सकाळी मला किती हायसं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

आता तीन महिने होऊन गेले आणि मला भीती वाटायला लागली आहे. आई रोज सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते, तेही पेनाने, कारण खोडायची वेळ तिच्यावर येत नाही. गेल्या आठवड्यात रद्दी बांधायला घेतली तेव्हा जुनी कोडी हाताला लागली. गोळीच्या आधीची सगळी भरलेली. नंतर अर्धी भरलेली. नंतर नुसती उभ्या शब्दांची एक-दोन उत्तरं. आणि एका कोड्यात पाच अक्षरी शब्द चार चौकोनांत कोंबलेला, शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर. मी तो कागद हातात धरून तशीच बसून राहिले.

बाकीही आहे. तिची जीभ टाळूला चिकटते, बोलताना टक् टक् आवाज येतो. पोट साफ होत नाही. लघवीला जाऊन बसते पण बराच वेळ सुरूच होत नाही. एकदा रात्री उठताना तोल गेला आणि पलंगाच्या कडेवर नडगी आपटली, अजून तिथे काळंनिळं आहे. मध्यंतरी सर्दी झाली म्हणून घरातली सर्दीची गोळी दिली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला उठवताच येईना.

नवऱ्याचं म्हणणं, वय झालं की विसरायला होतंच. भाऊ म्हणतो, निदान झोपते तरी, गोळी चालू ठेव. आणि गेल्या पंधरा दिवसांत तर पहाटे तीनच्या सुमाराला परत ओरबाडण्याचा आवाज येतो, म्हणून गोळी दीड करावी असा सल्ला मिळाला आहे. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं काही नाही. हे वय आहे की गोळी? कुणाला अनुभव आहे का?

(मलाही हल्ली बोटांच्या बेचक्यांत खाजतं, पण माझे हात दिवसभर पाण्यात असतात, ते वेगळं.)

दुसरे_वाचन

ताई, कोड्याचं वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवलं नाही. मी मुद्रितशोधनाचं काम करते, बावीस वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं मी अशाच एका गोळीवर काढली आहेत.

माझ्या अंगावर पित्त उठायचं. दंडावर, मांड्यांवर लालबुंद गांधी, कधी सकाळी उठावं तर वरचा ओठ सुजलेला. क्लोरफेनिरामिन ४ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. पहिले चार-पाच दिवस पानावर डोकं टेकायचं. मग गुंगी ओसरली आणि मी सगळ्यांना सांगू लागले की मला सवय झाली, मला काही झोप येत नाही. हे मी मनापासून म्हणत होते, ताई. खोटं बोलत नव्हते.

आमच्याकडे प्रत्येक फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, दोघी वाचतात. पहिलं वाचन माझं. दुसऱ्या वाचनात सहकारी ज्या चुका काढते त्या मी एका वहीत मांडते, नोकरीला लागल्यापासूनची सवय. सोळा पानांच्या फॉर्ममागे माझ्या नजरेतून तीन, फार तर चार निसटायच्या. एकदा ती वही मागून पुढे चाळत बसले होते. गोळी सुरू झाली त्या महिन्यापासून आकडे बदललेले: नऊ, अकरा, एकदा चौदा. आणि चुकांची जात बघा. ऱ्हस्व-दीर्घ मी पकडत होते, रफार-वेलांटी पकडत होते, ते हाताच्या सवयीचं काम. निसटत होतं ते अर्थाचं. एक ओळ लागोपाठ दोनदा आलेली, दिसली नाही. एका वाक्यातला 'नाही' गळलेला, सगळा अर्थ उलटा झालेला, आणि त्या पानाखाली माझी सही. त्या दिवशी मला झोप आली होती का? अजिबात नाही. मी ताजीतवानी होते, असंच मी शपथेवर सांगितलं असतं.

म्हणून मला सगळ्यात आधी हे सांगायचं आहे की 'गुंगी येत नाही म्हणजे गोळी काही करत नाही' यावर विश्वास ठेवू नका. आईला विचाराल तर तीही म्हणेल, मी बरी आहे. ते कोडं काय सांगतं ते बघा.

नंतर मी यावर पुष्कळ वाचलं. अमेरिकेत आयोवा इथे चाळीस जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवून एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. कधी त्यांना डायफेनहायड्रामिन ५० मिलिग्रॅम दिलं (हेही अ‍ॅलर्जीच्या याच जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांच्या घराण्यातलं), कधी फेक्सोफेनाडिन (ही नव्यातली गोळी), कधी दारू, रक्तात साधारण ०.१ टक्का चढेल इतकी, कधी नुसती औषध नसलेली गोळी. डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचं गाडी चालवणं दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट निघालं. फेक्सोफेनाडिनवाल्यांचं नुसत्या गोळीवाल्यांसारखंच होतं. मला हलवून सोडलं ते पुढच्या निष्कर्षाने: किती झोप येते आहे असं माणसं स्वतः सांगत होती, त्यावरून ती किती वाईट चालवतील याचा नीट अंदाज येत नव्हता. माझी वही मला हेच सांगत होती आणि मी ती सहा वर्षं उघडून बघितली नव्हती.

असं का होतं, हे मला त्वचारोगतज्ज्ञांनी फार छान समजावलं. हिस्टामिन म्हणजे फक्त खाज आणणारी वस्तू नाही. मेंदूच्या तळाशी काही पेशी तेच हिस्टामिन सोडून आपल्याला दिवसभर जागं ठेवतात, लक्ष एका जागी धरून ठेवतात. जुन्या गोळ्या रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि ते जागं ठेवणारं काम बंद पाडतात. नव्या गोळ्या, म्हणजे फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन वगैरे, मेंदूच्या वेशीवरूनच बव्हंशी परत लोटल्या जातात, त्यामुळे त्या कातडीपुरतं काम करतात. म्हणजे जुन्या गोळीची गुंगी हे तिच्या जोराचं लक्षण नव्हे. औषध नको तिथे पोचलं आहे, एवढाच तिचा अर्थ. मी सहा वर्षं उलटं समजत होते: झोप आली म्हणजे गोळी लागू पडली.

माझ्या बाबतीत त्यांनी क्लोरफेनिरामिन बंद केलं आणि झोप न आणणारी गोळी दिली. एकीने भागेना म्हणून हळूहळू वाढवत नेली. पित्त उठण्यात अशा गोळीचा डोस तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत वाढवायची पद्धत आहे, ते आपल्या मनाने करायचं नाही. पाच आठवडे लागले. वहीतला आकडा परत चारवर आला तेव्हा मी घरी येऊन रडले, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पण ताई, माझी खाज पित्ताची होती आणि पित्तामागे हिस्टामिन असतं. तुमच्या आईची खाज कसली आहे हे कुणी शोधलंय का? एक्झिमात, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात जी खाज सुटते ती बहुतेक हिस्टामिनची नसतेच. तिथे अशी गोळी खाज कमी करत नाही, खाजवणाऱ्या माणसाला झोपवते. मूळ दुखणं खाली तसंच चालू राहतं आणि घरातल्यांना वाटतं, उतार पडला.

रात्रपाळीचा_बाबा

लहान मुलांचं उलटंही होतं, म्हणून लिहून ठेवतो. आमचा मुलगा चार वर्षांचा असताना अंगावर पुरळ आलं म्हणून असंच झोप आणणारं सिरप दिलं. झोपायचं सोडून पठ्ठ्या पहाटे चारपर्यंत पलंगावर उड्या मारत होता, मधेच रडायचा. डॉक्टर म्हणाले काही मुलांना या औषधाने गुंगीऐवजी चेव येतो. त्यांनी आणखी एक बजावलं, ते सगळ्यांनीच लक्षात ठेवावं: प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला द्यायचंच नाही, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. प्रवासात मूल शांत राहावं म्हणून तर मुळीच नाही.

काउंटरमागून

मी औषधविक्रेता आहे. ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: जे जे लिहिलंय ते ते या गोळीने होऊ शकतं.

हायड्रॉक्सिझिन अंगात फार वेळ रेंगाळतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं औषध निम्म्यावर यायला साधारण २० तास लागतात, वयस्कर माणसात २९ तासांच्या आसपास. म्हणजे तुमच्या आईच्या पोटात आजची गोळी जाते तेव्हा कालची निम्म्याहून जास्त शिल्लक असते. रात्रीची गोळी रात्रीपुरती, हा समज इथे चालत नाही.

तोंड कोरडं, पोट जड, लघवी अडणं, डोळ्यांना धूसर, गोंधळल्यासारखं वागणं, हे हिस्टामिनशी संबंधित नाही. या जुन्या गोळ्या आणखी एक रसायन अडवतात, अ‍ॅसिटिलकोलिन. लाळ, आतडी, मूत्राशय आणि आठवण, सगळ्यांना ते लागतं. काचबिंदूचा एक प्रकार असतो, त्यातही ही गोळी धोक्याची. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची बियर्स यादी म्हणून एक यादी आहे, वयस्करांना कोणती औषधं टाळावीत याची. त्यात हा सगळा जुना गट आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१५ साली हायड्रॉक्सिझिन वयस्करांना देऊ नये असं सांगितलं, आणि टाळताच येत नसेल तर दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. तिथे काळजी हृदयाच्या ठोक्यांची होती, ताल बिघडू शकतो. आईला हृदयाचं काही असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर ती सगळी पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

त्या दुपारपर्यंतच्या झोपेचं कोडं सोपं आहे. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा त्याचंच एखादं भावंड असतं. एकावर एक दोन गोळ्या झाल्या. मी काउंटरवर हे रोज बघतो, कारण कुणी पाकिटामागचं बारीक अक्षर वाचत नाही. झोपेची गोळी, जोराची वेदनाशामकं, दारू यांच्याबरोबर तर हे प्रकरण जिवावर बेतू शकतं.

दीड गोळी नको. झोप आणण्याचा गुण रोज घेतल्यावर बोथट होत जातो, म्हणून माणसं वाढवतात. झोप वाढत नाही, कोरड आणि लघवीचं मात्र वाढतं. लघवी अजिबातच झाली नाही आणि ओटीपोट फुगलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, वाट बघू नका.

नव्या गोळ्या निर्धोक म्हणून डोळे मिटून घ्यायच्या असंही नाही. सेटिरिझिनने काहींना सुस्ती येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचा डोस कमी लागतो. आणि रोज महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवलं तर काही थोड्या लोकांना भयंकर खाज सुटते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ च्या मे महिन्यात तशी सूचना काढली आहे. माणूस समजतो जुनी अ‍ॅलर्जी परतली आणि गोळी पुन्हा सुरू करतो.

विसरण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारी औषधं वर्षानुवर्षं भरपूर घेणाऱ्या वयस्करांमध्ये स्मृतिभ्रंश जास्त दिसला, असा ६५ वर्षांवरच्या ३४३४ लोकांचा अभ्यास २०१५ साली आला. त्याने कारण सिद्ध झालं नाही, संबंध दिसला. तुमच्या आईचे तीन महिने झालेत. मला वाटतं गोळी सुटली की बरंचसं परत येईल. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

दुसरे_वाचन

तुमची पोस्ट मी आज परत वाचली. पहिल्या वाचनात शेवटची कंसातली ओळ माझ्याही नजरेतून सुटली होती.

ताई, ते वेगळं नाही. आईला रात्री अंथरुणात जास्त खाज, कंबर, बेंबी, मनगटं. आणि त्यानंतर तुमच्या बोटांच्या बेचक्यांत. खरूज असू शकते. खरजेचा किडा कातडीत शिरला की पहिल्या वेळी खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून घरातल्या दोघांचा संबंध जुळत नाही. तुम्हीच तिच्या पाठीला मलम लावता ना? नवऱ्याला खाजतंय का विचारा. आणि कुठल्याही अ‍ॅलर्जीच्या गोळीने खरूज जात नाही. कृपा करून तुम्ही दोघी एकत्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

उभे_आडवे

नवऱ्याला विचारलं. आठवडाभर कंबरेला खाजतंय, पट्ट्यामुळे असेल म्हणून बोलला नाही. उद्याची वेळ घेतली आहे.

उभे_आडवे

साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

खरूजच निघाली. डॉक्टरबाईंनी आईचं मनगट भिंगाखाली धरलं आणि मला बघायला बोलावलं. पेन्सिलीने चुकून ओढल्यासारखी एक बारीक राखाडी रेघ, अर्धा सेंटिमीटरही नसेल, आणि तिच्या टोकाला काळा ठिपका. तो किडा. चार महिने आम्ही त्या रेघेवरून मलमाचा हात फिरवत होतो.

पर्मेथ्रिन ५ टक्के मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावलं, आईला डोक्याला आणि कानांमागेही, सकाळी धुतलं, आठवड्याने पुन्हा तसंच. कपडे, चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यातून काढले, जे धुता येईना ते पिशवीत गच्च बांधून ठेवलं. हायड्रॉक्सिझिन त्यांनी त्याच दिवशी थांबवलं. खाज लगेच गेली नाही. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाजत राहतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी घाबरून जुनी गोळी परत काढली असती. पहिल्या चार रात्री आई झोपली नाही, आम्ही दोघी ओल्या फडक्यांच्या घड्या ठेवत बसलो.

जिभेचा तो टक् टक् आवाज पाचव्या दिवशी बंद झाला. पोट साफ होतं. आता ती भिंत न धरता चालते. कोड्याचं हळूहळू चाललंय. परवाचं पूर्ण होतं. कालच्यात तीन शब्द राहिले, त्यातला एक तिला पूर्वी झोपेतही आला असता. सगळं गोळीचंच होतं असं मी म्हणत नाही. डॉक्टरबाईंनी दोन महिन्यांनी तिच्या स्मरणाची तपासणी करायला सांगितलं आहे, गोळी अंगातून पूर्ण गेल्यावर.

दुसरे_वाचन ताई, आईला तुमच्या वहीची गोष्ट वाचून दाखवली. तिने मधला 'नाही' गळलेल्या पानाचं दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाली, मला वाटलं होतं की आता माझं डोकंच गेलं, म्हणून मी तुला कोडी दाखवत नव्हते.

काउंटरमागून दादा, लघवीला अजून थोडा वेळ लागतो, पूर्वीइतका नाही. सोमवारी दाखवायला जातोय, तेव्हा तेही विचारते आणि इथे लिहिते.